बांबू फुलला त्या वर्षी

११ मार्च
फुललेला बांबू वाळून गेला. नदीपलीकडचा अख्खा डोंगर पेंढ्याच्या रंगाचा झालाय. सासूबाई मातेचा कडू चहा पीत दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी लहान असताना असाच फुलला होता. आता उंदीर बांबूचं बी खाऊन माजतील. बी संपलं की खाली आपल्याकडे उतरतील." एवढं बोलून पावाची कणीक मळायला गेल्या.
पुएर्तो मोन्त शहरात कामाला गेलेल्या ओनोफ्रेचा फोन नाही. मी विषय काढला नाही, त्याच्या आईनंही नाही.

१९ मार्च
पाऊस. घोड्यांना ओट घातले. बाकी काही नाही.

६ एप्रिल
उंदीर उतरले.
सकाळी तबेल्याचं दार उघडलं तर जमीनच हलल्यासारखी वाटली. ओटची पोती खालून फोडलेली. खोगिराखालचं मेंढीचं कातडं कुरतडून गव्हाणीत घरटं केलंय, आत गुलाबी पिल्लं. बादलीत बुडवली. काही वाटलं नाही. घोडी कोपऱ्यात अंग चोरून उभी — शेपटीचे केस कातरलेले. मांजर पायरीवर बसून नुसतं बघतं. त्याचं पोट भरलंय.

९ एप्रिल
आरोग्य केंद्रातली नर्स यास्ना येऊन गेली. मास्क दिले, क्लोरीनचा कॅन दिला. आम्हा दोघींना समोर बसवलं. "या लांब शेपटीच्या उंदराच्या मुता-लेंड्यांची धूळ नाकात गेली की हांता होतो. आधी ताप, मग फुप्फुसांत पाणी. तबेल्याची दारं उघडी टाकून बाहेर थांबायचं. मग सगळं क्लोरीनच्या पाण्यानं भिजवायचं, मगच पुसायचं. कोरडा झाडू कधीच नाही. कळलं ना, सुनिल्दाबाई?"
सासूबाई म्हणाल्या, "माझी आई जन्मभर कोरडंच झाडायची. नव्वदीत मेली, तीसुद्धा पायरीवरून पडून."
यास्ना हसली नाही.

१५ एप्रिल
ओट पत्र्याच्या पिंपांत भरले, झाकणांवर दगड. गवताच्या गंज्या ओंडक्यांवर चढवल्या. तबेल्याभोवतीचं रान कापलं, खांबांना खालून पत्रे ठोकले. सासूबाईंनी सापळा केला — पिंपात अर्धं पाणी, वर आडव्या तारेत ओवलेली बाटली, बाटलीला डुकराची चरबी. उंदीर चरबीसाठी बाटलीवर जातो, बाटली फिरते, तो पाण्यात. सकाळी मी पिंप उपसते. खड्डा, चुना, माती.
हे काम बरं आहे. डोकं लागत नाही.

२३ एप्रिल
शेजारचा इपोलितो वासरं विकायला पुएर्तो मोन्तला गेला होता. आज आला. अंगणातच उभा राहिला, टोपी हातात फिरवत. "नोल्फा, तुला दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. ओनोफ्रे भेटला. माशांच्या कारखान्यातल्या एका बाईबरोबर राहतो. तिच्या कडेवर पोर होतं. त्याचंच."
सासूबाईंनी आतून ऐकलं. "इपोलितोला हल्ली कमी दिसतं," एवढंच म्हणाल्या आणि भांडी आपटली.
घर त्यांचं. जमीन त्यांची. मी इथं ओनोफ्रेची बायको म्हणून. आता कोण म्हणून?

२५ एप्रिल
उठले नाही.

२६ एप्रिल
आजही नाही. छताकडे बघितलं. वर कुरतडतायत.

२८ एप्रिल
उठले. चुलीवर माझ्यासाठी सूप झाकून ठेवलेलं. तबेल्यात गेले तर सासूबाई झाडत होत्या. कोरड्या खराट्यानं. दारातून येणाऱ्या उन्हात धूळ उभी राहिली होती. मास्क खिळ्याला टांगलेला.
"अहो, हे काय करताय? यास्नानं काय सांगितलं होतं?"
"त्यात श्वास घेता येत नाही. आणि घोड्यांचं कोण बघणार होतं? तू उठत नव्हतीस." मग खराट्यावर रेलून, माझ्याकडे न बघता, "झोप लागली का नीट?"
खराटा हातातून घेतला. त्यांना बाहेर नेलं, कपडे उकळले.

१६ मे
सासूबाईंना ताप. पाठ दुखते म्हणतात, मांड्या दुखतात. "पाऊस बाधला." मी यास्नाला बोलावलं.

१७ मे
संध्याकाळपर्यंत ओठ निळे पडले. शाळेच्या मैदानावर हेलिकॉप्टर उतरलं. स्ट्रेचरवरून त्यांनी माझी बाही धरली. "घोडीला जास्त ओट देऊ नकोस, फुगते." मग दार बंद झालं.
मला घेतलं नाही. मी घरातच थांबायचं, माझाही ताप रोज बघणार.

२० मे
हांताच. नळी घातलीय. मशीन श्वास देतंय. यास्ना फोनवरून सांगत होती आणि मी चुलीत लाकूड सारत होते. रडू येईल असं वाटलं. आलं नाही.
ओनोफ्रेला कळवलं. दवाखाना त्याच्याच गावात आहे. "बघतो," म्हणाला. "मला पोर आहे घरात. लागण होते म्हणतात ना?"

२ जून
मला काही झालं नाही, सोडलं. घोडे इपोलितोवर टाकून पुएर्तो मोन्तला आले. काचेपलीकडून बघू देतात. केस विंचरलेले नाहीत. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. पहाटे चूल पेटवायच्या आधी त्यांची वेणी झालेली असायची.
ओनोफ्रे अजून आलेला नाही असं तिथली नर्स म्हणाली.

७ जून
नळी काढली! स्वतःचा श्वास घेतायत. मी जिन्यात जाऊन बसले. एक अनोळखी बाई शेजारी बसून पाठीवरून हात फिरवत होती, तेव्हा कळलं की मी मोठ्यानं रडतेय.

१२ जून
साध्या वॉर्डात हलवलं. आत सोडलं. वेणी घातली. केस फार गळलेत.

१४ जून
ओनोफ्रे आला. नवं जाकीट, हातात संत्र्यांची पिशवी. मला पाहून नुसती मान हलवली. खाटेशी वाकून म्हणाला, "आई, आता माझ्याकडे चल. ते घर विकून टाकू. नोल्फा जाईल तिच्या माहेरी."
सासूबाईंचा आवाज अजून नीट फुटत नाही. त्याला आणखी जवळ बोलावलं.
"ते घर नोल्फाचं आहे. मी तिच्याकडे राहते. तुला यायचं असेल तर तिला विचार."
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
"नाही," मी म्हणाले.