नणंदेविरुद्धचा सामना

असोदा,
१८ सप्टेंबर २०२५

चि. भूमिका हिस,
आबांचे अनेक आशीर्वाद.

सामना संपल्यावर तुमची बस लगेच सुटली आणि मला गर्दीतून पुढे येता आलं नाही, म्हणून जे तोंडावर बोलायचं होतं ते लिहून पाठवतो आहे. कान गेल्यापासून फोन माझ्या कामाचा राहिला नाही आणि मोबाईलवरच्या बारीक अक्षरांशी माझं पटत नाही. तेव्हा तुझ्या आजोबाचं अक्षर लावत बस.

तीन गोल खाल्लेत, त्याचं मला काही नाही. भुसावळला रेल्वेच्या शेडमध्ये नोकरीला होतो तेव्हा आम्ही एकदा सात खाल्ले होते आणि तरी घरी येऊन पोटभर जेवलो होतो. पण ते सात गोल आम्हाला ओलांडून गेले होते. तुझे तीन तू वाट दिलीस म्हणून गेले. ऋतिका चेंडू घेऊन आली की तू पाय मागे घेत होतीस, देवळाच्या दारात म्हाताऱ्या माणसाला वाट द्यावी तशी. त्यांच्या त्या उंच पोरीला मात्र एकदाही सोडलं नाहीस. मग ऋतिकाच्याच वेळी काय झालं हे न कळण्याइतका मी दूधखुळा नाही. ती ललितची बहीण, तुझी होणारी नणंद. त्यात तिची आई पाचोऱ्याहून येऊन मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसलेली.

सोयरीक मी जुळवली ती तुला चांगलं घर मिळावं म्हणून. त्यांच्या कॉलेजला फुकटचे गोल मिळावेत म्हणून नाही.

दुसरी गोष्ट. उत्तरार्धात तुमच्या निम्म्या पोरी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. तुम्ही आठवड्यातून किती दिवस सराव करता ते खरं कळव. मला बरं वाटावं म्हणून वाढवून सांगू नकोस.

तुझी आई शेव आणि लाडू पाठवते आहे. डबा आल्यावर मैत्रिणींना द्यायचा, लपवून ठेवायचा नाही. पत्राला उत्तर लवकर टाक. पोस्टमन दारावरून पुढे गेला की माझा दिवस वाईट जातो.

तुझे,
आबा


धुळे,
२५ सप्टेंबर २०२५

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी राग आला, मग रडू आलं, कारण तुम्ही पाहिलंत तेच खरं आहे. इथे उघड कोणी बोललं नाही. पण आमची गोलकीपर विधी, कापडवाल्या पारसकाकांची मुलगी, परतीच्या बसमध्ये माझ्याशेजारी बसली नाही. पर्युषणातले उपवास चालू असतानाही तिने सराव चुकवला नव्हता. तिन्ही चेंडू तिच्या हाताला लागून आत गेले आणि तिन्ही वेळा मी तिच्या पुढ्यात नुसती उभी होते.

आबा, मी ठरवून काही केलं नाही. ऋतिका समोर आली की तिचं नाक अगदी ललितसारखं आहे एवढंच मला दिसायचं. मग वाटायचं, हिला लागलं तर काकू काय म्हणतील, घरी जाऊन त्या काय सांगतील. ललित मला मनापासून आवडतो. हे तुम्हाला लिहिताना लाज वाटते, पण मुलगा तुम्हीच बघून दिलात, तेव्हा दोष तुमच्याकडे. वैशाखात लग्न आहे. त्याआधी माझ्या हातून काही घडू नये आणि ठरलेलं मोडू नये, एवढीच भीती डोक्यात होती.

सराव आठवड्यातून दोनच दिवस होतो. योगेंद्र सर मनाचे चांगले आहेत, पण ते खो-खोचे. स्वतःच म्हणतात की फुटबॉलमधलं मला शिट्टी वाजवण्यापलीकडे कळत नाही. मैदानावर कधी प्रदर्शनाचा मंडप असतो, कधी कोणाची परीक्षा. कापसाची वेचणी सुरू झाली की तिघी जणी गावाला जातात. अकरा जणी एकाच वेळी मैदानात दिसल्या की आम्हीच एकमेकींकडे बघत राहतो.

दिवाळीनंतर परतीचा सामना धुळ्याला आहे, त्याच संघाशी. ऋतिका पोलीस भरतीची तयारी करते आहे, रोज पहाटे धावते, म्हणून ती दमत नाही. तोवर आमच्याकडून काय करून घ्यायचं ते सविस्तर लिहा, सर करून घेतो म्हणाले आहेत. आणि मी काय करायचं तेही लिहा. तुम्ही सांगाल तसं मी वागेन.

लाडू सगळ्यांना दिले. विधीने एक घेतला, पण बोलली नाही. आईला आणि बापूंना नमस्कार. तुमच्या रागावण्यावर माझा हक्क आहे, तो कमी करू नका.

तुमची,
भूमिका


असोदा,
दसरा, २ ऑक्टोबर २०२५

चि. भूमिका हिस,
अनेक आशीर्वाद.

सोबत आपट्याची दोन पानं ठेवली आहेत. चुरगळली असतील तरी सोनं समजून घे आणि एक विधीलाही दे.

आता सरावाचं. पहिले पंधरा दिवस चेंडू खोलीत कुलूप लावून ठेवा. पोरी कुरकुरतील, कुरकुरू देत. आधी पाय तयार झाले पाहिजेत. हळू धावणं, मग एकदम थांबणं, थांबून वळणं. वळताना गुडघा वाकलेला हवा, ताठ पायावर वळायचं नाही. उडी मारून दोन्ही पायांवर अलगद उतरायचं, आवाज आला तर पुन्हा. आठवड्यातून निदान पाच दिवस हे झालं पाहिजे. मंडप असेल तर रस्त्याच्या कडेला करा. वेचणीला जाणाऱ्या तिघींना मात्र सूट दे, दिवसभर वाकून त्यांचे पाय तुमच्यापेक्षा तयार आहेत. पुढच्या पंधरवड्यात जोडी लावून एकीने चेंडू आणायचा आणि दुसरीने काढायचा. काढताना डोळे चेंडूवर ठेवायचे, कोण आणतं आहे ते बघायचं नाही.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर. इतर पोरींशी खेळतेस तशीच ऋतिकाशी खेळ. धसमुसळेपणा करू नकोस, पण बाजूलाही होऊ नकोस. तू वाट दिलीस हे त्या पोरीला कळलं नसेल असं समजू नकोस. रोज पहाटे उठून धावणारी मुलगी आहे, तिला भीक घातलेली आवडणार नाही. पाचोऱ्याची माणसं समजदार आहेत. मैदानावरचं घरात आणणारी नाहीत, हा माझा शब्द. काही झालंच तर मी बघून घेईन.

यंदा केळी चांगली आहेत. तुझे बापू घडांना हात लावून बघतात आणि कोणी पाहत नसेल तर हसतात. दिवाळीला येशील तेव्हा गुडघे तपासणार आहे.

तुझे,
आबा


धुळे,
१८ नोव्हेंबर २०२५

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

आपण जिंकलो, एक-शून्य. हे वाक्य तुम्हाला लिहायचं म्हणून मी दीड महिना मनात घोकत होते. पण पुढचंही वाचा.

तुमच्या सरावाने पोरी खरंच बदलल्या होत्या. उत्तरार्धात कोणी कमरेवर हात ठेवला नाही. उलट तो संघ दमला होता. ऋतिका एकटीच चेंडू घेऊन माझ्या बाजूने आली. मी चेंडूवर गेले, आबा, फक्त चेंडूवर. तो बाहेर गेला, पंचांनी शिट्टीसुद्धा वाजवली नाही. ती चेंडूमागे वळायला गेली, पण पाय जागचा हललाच नाही आणि गुडघा फिरला. त्याचा आवाज मला ऐकू आला.

स्ट्रेचर नव्हतं. पाहुण्यांसाठी अंथरलेल्या सतरंजीवर घालून आम्ही सगळ्यांनी मिळून तिला रिक्षापर्यंत नेलं, दोन्ही संघांच्या मुलींनी. नंतर सामना पुढे खेळवला. त्यांचं कोणाचंच लक्ष नव्हतं आणि आमचा गोल तेव्हा झाला. कोणी टाळी वाजवली नाही.

मी संध्याकाळी दवाखान्यात गेले. गुडघ्याच्या आतली दोरी तुटली आहे, ऑपरेशन करावं लागेल आणि वर्षभर धावायचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. पोलीस भरतीची मैदानी चाचणी जानेवारीत आहे. डॉक्टरांनी तिला विचारलं की सामन्याआधी पायांचा व्यायाम किती दिवस केला होता. ती म्हणाली की त्यांच्या संघाने दिवाळीची सुट्टी संपल्यावर आठ-दहा दिवस फक्त सामने खेळून सराव केला. ती नुसती धावत असे, सरळ रस्त्यावर. वळायचं कसं हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

काकू माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, की हाई काय करं वं पोरी तू. ललित भिंतीकडे तोंड करून उभा होता. तो वळला नाही.

मी चुकले का, ते मला सांगा. पाचोऱ्याच्या माणसांबद्दल तुम्ही शब्द दिला होता. तो खरा ठरेल ना, आबा?

सर्वांना नमस्कार.

तुमची,
भूमिका


असोदा,
२७ नोव्हेंबर २०२५

चि. भूमिका हिस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र तुझे बापू लिहिणार होते. मी म्हणालो, शब्द मी दिला होता, तेव्हा मीच लिहितो.

आम्ही दोघं पाचोऱ्याला जाऊन आलो. कोणी आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला काही उत्तर देता आलं असतं. ऋतिकाचे वडील कागदावर लिहून मला दाखवत होते. त्यांनी लिहिलं की तुमच्या मुलीचा दोष नाही हे बठ्ठ्यांना, घरातल्या सगळ्यांनाच, मान्य आहे. पण आमची पोर या घरात लंगडत फिरेल आणि रोज सकाळी उठून तिला हिचंच तोंड बघावं लागेल. हे दोघींनाही जड जाईल. मी तो कागद दोनदा वाचला. त्यांनी अंगठी आणि साखरपुड्याची साडी पिशवीत घालून दिली.

ललित आम्हाला स्टँडवर सोडायला आला. तुझ्या बापूंनी त्याला विचारलं की तुझं स्वतःचं काय म्हणणं आहे. तो जे म्हणाला ते बापूंनी नंतर बसमध्ये मला लिहून दाखवलं, की घरात ऋतिका रडते तेव्हा मला काहीच म्हणता येत नाही. मग वाकून माझ्या पाया पडला आणि गेला. मुलगा वाईट नाही, बाळ. वाईट असता तर तुला विसरायला सोपं गेलं असतं.

तू चुकली नाहीस, हे मी शंभरदा लिहून देईन. चुकलो मी. तुला खेळ शिकवला ते बरोबर होतं, पण दुसऱ्यांच्या मनाची हमी घेतली ते माझ्या अखत्यारीतलं नव्हतं. तुझी आई माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते, पुढ्यात ठेवते आणि जाते. तिचं बरोबर आहे. मला फार वाईट वाटतं आहे.

बापूंचं म्हणणं आहे की आता फुटबॉल पुरे. मी त्यांना म्हणालो की हे भूमिका ठरवेल. तू जे ठरवशील त्याच्या आड मी कोणाला येऊ देणार नाही. एवढं तरी माझ्याकडून होईल.

जेवत जा. पत्र नको वाटलं तर नुसती सही करून पाकीट पाठव.

तुझे,
आबा


धुळे,
९ डिसेंबर २०२५

ती. आबांस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट रिकामं पाठवत नाही आहे, तेव्हा काळजी करू नका.

तुमचं पत्र आलं त्याच आठवड्यात आमचा पुढचा सामना होता. चार-शून्य हरलो. या वेळी मी सगळ्यांनाच वाट दिली. मन म्हणायचं जा, पण पाय पुढे पडत नव्हता. समोरच्या पोरीच्या गुडघ्याकडेच नजर जायची. विधी आता माझ्याशी बोलते. तीच म्हणाली, की एकदा पाचोऱ्याला जाऊन ये, नाहीतर तुझा हा पाय असाच राहील. म्हणून रविवारी जाऊन आले. तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही नको म्हणाला असता किंवा सोबत आला असता.

ऋतिका पुढच्या खोलीत पलंगावर होती, गुडघ्याला पट्टा, पायाखाली दोन उशा. तुम्ही लिहिलं होतंत तसंच निघालं. पहिल्या सामन्यात मी वाट देते आहे हे तिला पहिल्याच चेंडूला कळलं होतं. ते तीन गोल तिने घरी कौतुकाने कधी सांगितले नाहीत, तिला लाज वाटायची. धुळ्याला मी आडवी गेले तेव्हा तिला बरं वाटलं होतं, म्हणाली, पडायच्या आधी. मग तुम्ही आमच्याकडून काय काय करून घेतलंत ते तिने विचारलं. मी सगळं सांगितलं, चेंडू कुलपात ठेवण्यापासून. ती ऐकत राहिली आणि म्हणाली की आम्हालाही कोणीतरी हे सांगायला हवं होतं. त्यानंतर ती खूप रडली आणि मीही. भरती पुढेही निघेल असं मी म्हणणार होते, पण म्हणाले नाही. पट्टा निघाल्यावर गुडघ्यासाठी काय करायचं ते तुम्ही तिला लिहून पाठवावं अशी तिची इच्छा आहे. नक्की लिहा.

मी सराव सोडत नाही. बापूंना तुम्हीच समजावा. उद्यापासून पुन्हा पाच दिवस मैदानावर जाणार आहे. पाय केव्हा पुढे पडेल ते माहीत नाही.

आता राहिलेलं लिहिते, कारण तुमच्याशिवाय कोणाला सांगणार. श्रावणात कानबाईच्या सणाला मी त्या घरी गेले होते तेव्हा काकूंनी मला दारातून थेट स्वयंपाकघरात नेलं होतं. ओढणी कमरेला खोचायला लावली आणि पुरण वाटायला बसवलं. पुरणात गाठी राहिल्या म्हणून अहिराणीतून चांगल्या रागावल्या होत्या आणि मी मनातून खूश होते. रविवारी त्यांनी मला खुर्ची दिली. ट्रेमधून पाणी आणलं, मग चहा, बशीत बिस्किटं. चहा पिऊन मी सवयीने कप आत ठेवायला उठले, तर त्यांनी तो माझ्या हातातून अलगद घेतला आणि आमच्या प्राध्यापकबाई बोलतात तशा मराठीत म्हणाल्या, की राहू द्या, तुम्ही बसा. निघताना हळदकुंकू लावलं, हातात नारळ दिला, दारापर्यंत सोडायला आल्या. कशातही कमी केलं नाही, आबा. त्यांनी माझा पाहुणचार केला.

आईला माझा नमस्कार सांगा आणि तुमच्याशी बोलायला सांगा. माझ्यावर माया आहे तेवढीच स्वतःवरही ठेवा.

तुमची,
भूमिका