चार नंबरच्या खोलीचे मार्क

८ फेब्रुवारी, दुपारी ३.२०
बेटावर पोचलो. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून बायकोला शब्द दिलाय, दोघांनी मिळून समुद्राच्या तळाशी जायचं. परतीची बोट बारा तारखेला. वेळ भरपूर. पोहणं मी आपलं आपण शिकलोय. पुस्तकावरून, स्टुलावर पालथं पडून. फक्त पाण्यात करून बघायचं राहिलंय.
पण आधी खोली. डाइव्ह रिसॉर्ट अवघं सहा खोल्यांचं. टेप आणि पाणसळ सोबत आहेच. प्रत्येक सोयीला दहापैकी मार्क देऊन यादी मालकांच्या हातात ठेवणार. त्यांचंच भलं.

९ फेब्रुवारी, सकाळी ७.०५
पलंग डोक्याकडे आठ मिलिमीटर खाली! सगळं रक्त मेंदूत. अशा अवस्थेत डाइव्ह म्हणजे आत्मघात. डाइव्ह शिकवणारी बाई म्हणाली, काका, आज नुसतं कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचंय. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. ही एकटी गेली. पलंग : ४.

संध्याकाळी ६
पलंगाच्या डोक्याकडच्या पायाखाली डाइव्हिंगचं माहितीपुस्तक सारलं. पाणसळीचा बुडबुडा बरोबर मध्यावर. आता पुस्तक वाचता येणार नाही. इलाज नाही.

१० फेब्रुवारी
उशीने मान धरली. उशी : ३. ही म्हणाली, अहो, तुम्हाला पाण्याची भीती तर वाटत नाही ना? मला? स्टुलावर सलग अडीच तास पोहलेला माणूस मी! ही नुसतं 'बरं' म्हणाली. घाबरतो तो मी हिच्या त्या 'बरं'ला.
उद्या नऊची बोट. नक्की. फॉर्मवर सहीसुद्धा केली.

११ फेब्रुवारी, सकाळी ८.४५
न्हाणीच्या जाळीतून खेकडा वर आला. नखाएवढा, पण खेकडाच. ही वाट बुजवल्याशिवाय खोली सोडणं बेजबाबदारपणा. जाळीत टॉवेल कोंबला. नळ तपासला, थेंब नाही. नळ : ०. मालक म्हणाले, पाणी दहाला सोडतो, साहेब.
ही म्हणाली, बोट थांबलीय. म्हटलं, तू हो पुढे, आलोच. दारात बराच वेळ उभी होती. मग गेली.

९.४०
बोट दिसेनाशी झाली. सरळ केलेला पलंग वाया का घालवा? जरा पडतो.

दुपारी १२.३०
नळ उघडाच राहिला होता, असं मालकांचं म्हणणं. जाग आली तेव्हा माझ्या चपला दाराकडे निघाल्या होत्या. पलंगावर उभा राहून हाका मारल्या. मालकांनी येऊन टॉवेल उपसला. माहितीपुस्तक भिजून फुगलंय, पलंग आता डोक्याकडे वर.
तेवढ्यात बोट आली. शिकवणारी बाई दारातून म्हणाली, काय काका, घरबसल्याच डाइव्ह उरकलीत? सगळे हसले. ही हसली नाही. समुद्राच्या तळाशी हिने परातीएवढं कासव पाहिलं. दचकून हात धरला तो त्या बाईचा.

१२ फेब्रुवारी, परतीच्या बोटीवर
धक्क्यावर मालकांना द्यायला यादी काढली. शेवटी हिच्या अक्षरात एक ओळ. सोबतचा माणूस : २.
विचारलं, दोन तरी कशाचे? म्हणाली, एक बॅगा उचलल्यात त्याचा. दुसरा आगाऊ दिलाय, आज तरी खरं बोलाल म्हणून.
म्हटलं, भीती वगैरे काही नाही गं, तो पलंग जर सरळ असता...
हिने पेन मागितलं. दोनाचा एक केला.
यादी मालकांना दिली नाही.