ढेकळाच्या आतलं

आये, वडपे गावातल्या आपल्या घरामागची भेंडीची वाडी तू कुदळीनेच खणायचीस. आम्ही उगाच ढेकूळ फोडलं तर हातावर चापट बसायची. सकाळी धामणकर नाक्यावर भाजी विकायला बसायचीस आणि परतलीस की पुन्हा वाडीत वाकायचीस. मला गोडाऊनमध्ये ड्युटी लागली तेव्हा वाटलं, हिची कंबर तरी वाचवावी. तू नाक्यावर गेलेली बघून मी माती बारीक करणारं मशीन, रोटाव्हेटर, भाड्याने आणलं आणि वाडीत दोनदा फिरवून घेतलं. माझ्या मते ती भेट होती.

तू परत येतेस, टोपली बांधावर ठेवतेस, खाली बसून मातीत हात घालतेस. "मातीचा पीठ केलास गो," एवढंच म्हणतेस. त्या वर्षी भेंडी अशी लागली की मी तुला चिडवत राहिले. तू म्हणालीस, "साठवनीतला खातंय ता. पुढं बघ." मला कळलं नाही. मी दर वर्षी मशीन आणत राहिले. तिसऱ्या वर्षी पावसाने माती थापल्यासारखी बसली, उन्हात तिच्यावर पापडी धरली आणि कोंब खालच्या खाली मोडले. तोवर तू अंथरुणाला खिळली होतीस.

तू गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी माती तपासणाऱ्या एक मॅडम आल्या. त्यांनी पाण्याच्या एका ग्लासात वाडीतलं वाळलं ढेकूळ सोडलं, दुसऱ्यात बांधालगतचं, जिथे मशीन कधी पोचलंच नव्हतं. वाडीतलं बघता बघता विरून गढूळ झालं. बांधाचं तसंच बसून राहिलं. "मुळांचा चिकटा आणि बुरशीचे धागे माती बांधून धरतात," त्या म्हणाल्या. "कुजलेला पाला, शेणखत आत अडकून राहतं. तिथे जंतूंना शिरता येत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं टिकतं. फोडलं की उघडं पडतं, जंतू खाऊन टाकतात. पहिलं पीक जोरात येतं ते त्यामुळेच." मला रडू आलं. माझी माती नापास झाली म्हणून रडतेय, असं त्यांना वाटलं.

मशीन बंद करून चार वर्षं झाली. शेणखत घालते, गवत पसरते. गोडाऊनसाठी जागा मागायला माणसं येतात, त्यांना चहा देऊन नाही म्हणते. यंदा वाडीतलं ढेकूळ पाण्यात टाकलं. कडा सुटल्या, पण गाभा राहिला.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहिते. "भेंडी का गो उगवली न्हाय?" असं तू अंथरुणावरून विचारलं होतंस. बियाणं खराब निघालं, असं मी सांगितलं. तू जरा वेळ माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "आसंल." आये, बियाणं चांगलं होतं. त्यातलं मूठभर मी मागच्या कुंडीत टाकून बघितलं होतं. सगळं उगवलं होतं.