अर्ज माझ्या अक्षरात

तुला उठवलं नाही, रात्रपाळी करून आलायस. छकुली उठली तर दूध कोमट करून दे.

मी बँकेत जातेय. आपल्या खात्यातून शिल्लक कमी पडल्याचा दंड कापलाय, हे मला काल जिन्यात वरच्या वकीलबाईंकडून कळलं. "अर्ज लिहून दिलाय हं मी तुमच्या ह्यांना," म्हणाल्या. मी नुसती हसले. खातं आपल्या दोघांचं, आणि अडचण आधी त्यांच्या कानावर!

अर्ज तुझ्या डब्याच्या पिशवीत सापडला. पगार बँकेनेच उशिरा जमा केला, मग दंड आम्हाला का, हा मुद्दा बिनतोड आहे. म्हणून शब्द त्यांचेच ठेवलेत, फक्त सगळा अर्ज माझ्या अक्षरात उतरवून खाली माझी सही केलीय.

त्यांचा कागद फ्रीजवर आहे. परत देऊन ये. दारातूनच.