बॉक्सचा गुरुवार

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

आज वर्कशॉपमध्ये शेखर सरांशी सरळ भांडले. बरं झालं!

निघोज्याच्या कंपनीत आम्ही बनवून बसवलेला कॅमेरा-बॉक्स गेल्या मंगळवारी दुपारी अडकला. कॅमेऱ्यासमोरून ब्रॅकेट जातात, एखाद्याला भोक पडलेलं नसेल तर बॉक्सने लाल दिवा लावायचा – एवढंच त्याचं काम. तो अडकला तेव्हा दिवा हिरवाच राहिला आणि बिनभोकाचे नऊ ब्रॅकेट थेट गिऱ्हाइकाकडे पोचले. आळ कुणावर? लाईनवर उभ्या असलेल्या सुभद्राबाईंवर! म्हणे त्यांनी बॉक्सचा स्विच बंद-चालू केला म्हणून बिघडला. लेकीच्या बाळंतपणाची रजा संपवून बिचाऱ्या कामावर आल्या आणि तिसऱ्या दिवशी हे. कंत्राटी कामगार. चौदा तारखेला मीटिंग आहे, तिथे आरोप पक्का झाला की महिनाअखेरीला घरी.

सर म्हणतात, "मोनिका, मेमरी चाळीस टक्के मोकळी दिसतेय. आपला बॉक्स ठणठणीत आहे. बाईंनीच हात लावला असणार." तिकडे सुपरवायझर सुजितने स्विचवर पत्र्याची डबी बसवून कुलूपही ठोकलं!

बाईंना विचारलं. "न्हाई वो म्याडम, म्या कशाला हात लावू?" मान खाली. पंचावन्नच्या पुढची बाई, गावातल्या जुन्या घरातली, आणि आपल्या बॉक्सपायी तिला चोर ठरवायचं? मी हे शोधून काढणार. म्हणजे काढणारच.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आमच्या चिखलीच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर मान मोडून बसले.

मोकळी मेमरी किती, हे बघून काही कळत नाही. सरांना हे कितीदा सांगितलं! कर्नल – म्हणजे बॉक्सच्या आतला कारभारी – स्वतःच एक नोंद ठेवतो. गेल्या दहा सेकंदांत, मिनिटभरात, पाच मिनिटांत, मेमरी मिळेना म्हणून कामं किती वेळ ताटकळली? शंभरातला किती वेळ? त्याला प्रेशर म्हणतात. कँटीनमध्ये धुतलेली ताटं मोजून काय उपयोग, माणसं किती वेळ रांगेत उभी आहेत ते बघा ना. सर ताटं मोजतायत.

आकडे दोन. पहिला – निदान एक तरी काम थांबलं होतं. दुसरा – सगळीच थांबली होती. दुसरा चढला की खेळ संपला.

दर दहा सेकंदांनी दोन्ही आकडे वाचून लिहून ठेवणारा छोटा प्रोग्राम इथूनच, नेटवरून, बॉक्सवर चढवला. आजचा आकडा: शून्य. सर गालात हसले. हसू देत.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आजही निघोजे. दिवाळीनंतर ऑर्डर एवढी वाढली की कंपनीने गुरुवारची साप्ताहिक सुट्टीच बंद केलीय. डबा भरताना पप्पा म्हणाले, "गुरुवारी कसली गं ड्यूटी?" त्यांना ते पटतच नाही. पिंपरीत पस्तीस वर्षं प्रेसवर काढली, गुरुवारी घरीच असायचे. माझी शाळेची सुट्टी रविवारी, त्यांची गुरुवारी. लहानपणी आमचा एकत्र दिवस असा कधी नव्हताच.

पहिला आकडा १.८. हलला! मोकळी मेमरी म्हणे एकेचाळीस टक्के.

शनिवार, ८ फेब्रुवारी

पहिला आकडा १४. मोकळी मेमरी – चाळीस टक्के. हा हा!

रविवार, ९ फेब्रुवारी

अडकला!! सकाळी अकरा बेचाळीस, २८ तारखेला पुन्हा सुरू केल्यापासून बाराव्या दिवशी. मी समोरच उभी होते. दुसरा आकडा ८३ – म्हणजे आत कुणीच जागचं हलत नव्हतं, आणि दिवा हिरवागार. मी "लाईन थांबवा!" म्हणून एवढ्या जोरात ओरडले की दोन लाईनी थांबल्या.

सुभद्राबाई चार पावलं लांब होत्या. स्विचच्या डबीला कुलूप तसंच. सुजितला हाताला धरून नेलं आणि दाखवलं. "हो मॅडम, कुलूप आहे," म्हणाला. तसं लिहून दे म्हटलं. देताना जरा कुरकुरला, पण मी हलले नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

सापडलं. रिजेक्ट ब्रॅकेटचा प्रत्येक फोटो बॉक्स एका फोल्डरमध्ये टाकतो. तो फोल्डर मेमरी-कार्डावर नाहीच, मेमरीत आहे! फोटो साठतात, कुणी काढत नाही. आणि सरांचा तक्ता ती सगळी जागा 'मोकळी' म्हणून मोजतो. म्हणून चाळीस ते चाळीस. बॉक्स बंद केला की मात्र सगळं जातं, पाटी कोरी.

प्रोग्राममधल्या त्या ओळीशेजारी इंग्रजी अक्षरांत मराठी टीप – "गुरुवारी आपोआप साफ होतं." सहा वर्षांपूर्वीची. सरांची! गुरुवारी अख्ख्या पट्ट्याला सुट्टी, कंपनी मेन स्विच पाडणार, बॉक्स रिकामा होणार. सुट्टीच्या भरवशावर लिहिलेला प्रोग्राम!

दाखवलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "गुरुवारी कंपनी चालू ठेवतील असं तेव्हा कुणाला वाटलं होतं गं?" मग हळू आवाजात – "रिपोर्टमध्ये माझं नाव लिही." भांडायच्या तयारीने गेले होते. उलट वाईटच वाटलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

रिपोर्ट तयार. प्रेशरचे आकडे, सुजितची चिठ्ठी, सरांची टीप, सगळं आहे. चौथी ओळ मी ठळक केली: 'सुभद्राबाईंनी बॉक्सला कधीही हात लावलेला नाही.'

बाईंना फोनवर वाचून दाखवलं. पलीकडून फक्त "बरं." एवढंच? मला वाटलं होतं, रडतील तरी, नाहीतर हसतील.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सकाळी पप्पांना सगळी गोष्ट ऐटीत सांगत होते. ते चहात पाव बुडवत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "बॉक्स बारा दिवसांत अडकतो म्हणतेस. गुरुवार दिवाळीपासून चालू आहेत. मग डिसेंबरात का नाही अडकला?"

इंजिनिअर मी, आणि हे मला सुचू नये!

वर्कशॉपला जाऊन बॉक्स केव्हा केव्हा सुरू झाला त्याची नोंद उघडली. १४ नोव्हेंबर, गुरुवार, एक वाजून दहा मिनिटं. २१ नोव्हेंबर, गुरुवार, एक वाजून दहा. २८ला तेच. असे दहा गुरुवार, थेट १६ जानेवारीपर्यंत. जेवणाच्या सुट्टीत, न चुकता. २३ जानेवारीला मात्र नाही. मग २८ला अडकला.

२२ ते २५ जानेवारी रजेवर कोण होतं, ते मला माहीत आहे.

म्हणजे माझी ठळक ओळ खोटी. स्विचला हात लावायचा नाही हा कंपनीचा नियम, आणि त्यांनी दहा वेळा लावला. ही नोंद फक्त मी पाहिलीय. काढून टाकली तर कुणाला कळणार? दुपारभर तेच डोक्यात. पण ज्या रिपोर्टमध्ये सरांची चूक लिहिली, त्यातच मी लपवाछपवी करू? नाही. उद्या आधी बाईंना विचारणार, मग मीटिंग.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

गेटवरच गाठलं. "व्हय, म्याच," म्हणाल्या. "दिवाळी झाल्यावर त्याचा दिवा उशिरा लागाया लागला. ब्रॅकेट पुढं जायचा, मग लाल. म्हनलं, आमची सुट्टी गेली ती गेली, ह्याला तरी गुरवारी घटकाभर निजू द्यावं." – मी आकडे लावून मोजलं ते बाईंनी तीन महिने आधी नुसत्या डोळ्यांनी पाहिलं होतं! लिहू का, विचारलं. पदर सारखा केला. "लिव्ह पोरी. खोट्यावर किती दीस उभं ऱ्हायचं?"

चौथी ओळ खोडून नवी लिहिली आणि मीटिंगमध्ये वाचली: 'सुभद्राबाईंनी दहा गुरुवार बॉक्स बंद करून चालू केला, म्हणून दहा आठवडे एकही खराब ब्रॅकेट बाहेर गेला नाही. त्या रजेवर गेल्या आणि नऊ गेले.' कंपनीच्या रणजीत साहेबांनी कागद मागून घेतला आणि ती ओळ स्वतः वाचली. मग डबीच्या किल्लीसाठी सुजितपुढे हात केला.

किल्ली आता बाईंच्या पदराला बांधलेली आहे.