शकूच्या झग्याचे माप

पनवेल,
ता. ९ ऑक्टोबर १९५४

सौ. यमुनेस महादेवचे आशीर्वाद.

मी येथे खुशाल आहे. गिरणीत काम आहे, जेवणही वेळेवर होते. आईचा गुडघा कसा आहे?

आपल्या शकूच्या मापाचा दोरा पत्रातून मिळाला. बाजारात फुलाफुलांचा कटपीस स्वस्त मिळाला. कडेला डाग आहे, पण तो शिवणीत जाईल. माप उतरवून घेताना नझीरभाई शिंपी म्हणाले, "वाढत्या अंगाचा शिवतो हां. पोरी वेलासारख्या चढतात." मी हसलो.

खोलीवर येऊन गेल्या दिवाळीचा दोरा ट्रंकेतून काढला आणि दोन्ही शेजारी धरले. वर्षभरात शकू बोटभरही वाढलेली नाही.

कदाचित दोरा ढिला राहिला असेल, किंवा ती वाकून उभी असेल. तिला भिंतीशी ताठ उभी करून पुन्हा माप घे. ती पोटभर जेवते का? संध्याकाळी अंग गरम लागते का? तू काही लिहिले नाहीस, म्हणून विचारतो. माप तेच आले तर दिवाळीची वाट न पाहता तिला दवाखान्यात ने. आईला घाबरवू नकोस.

नझीरभाईंनी दोऱ्याची रिकामी रिळे दिली. काड्यापेटीला ती चाकांसारखी लावून शकूसाठी गाडी केली आहे. सरळ धावते.

आज त्यांना सांगून आलो, की झग्याच्या आत चार बोटे कापड जास्त दुमडा. ते म्हणाले, "एवढं कशाला, भाऊ?" मी म्हणालो, "घरी उसवायला लागेल."

पुढच्या दिवाळीला ते तूच उसवायचे आहेस.

उत्तराची वाट पाहणारा,
महादेव