मार्जरीबाईंचा गोठा

अपर कोम, डेव्हन
११ फेब्रुवारी २००१

तीर्थस्वरूप मोरेश्वरकाका,
शि. सा. न. वि. वि.

पोचले. आई-बाबांना ईमेल केली आहे. मराठी पत्र फक्त तुम्हाला, कारण रविवारच्या शिकवणीची ही परीक्षा आहे असं तुम्हीच निघताना बजावलंत.

कॉलेजच्या ब्रोशरमध्ये इंग्लिश खेड्याचा जो फोटो होता, तो वर्षातल्या एकमेव उन्हाच्या दिवशी काढलेला असणार. इथे पाऊस पडत नाही, हवेत नुसता लोंबकळतो. रस्ता एवढा अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला की आपण रिव्हर्स घेत घेत मागच्या शतकात जायचं. बस आठवड्यातून दोनदा, तीही ड्रायव्हरची तब्येत बरी असेल तर. बेसिनला दोन नळ आहेत: एक भाजतो, एक गोठवतो. दोन्ही एकत्र करावेत हे अजून कुणाला सुचलेलं नाही. आणि या लोकांनी दीडशे वर्षं आपल्यावर राज्य केलं!

आम्हा स्टुडंट्सना एकेका शेतावर ठेवलं आहे. माझी घरमालकीण मिसेस मार्जरी टॅपस्कॉट. सत्तरी ओलांडलेली, एकटी, चाळीसेक गायींची धनीण. सावनी म्हणता येईना म्हणून तिने माझं सॅव्ही केलं; पण स्वतःच्या गायींची नावं मात्र माझ्याकडून अचूक येईपर्यंत घोटून घेतली. कसं चाललंय विचारलं की नॉट टू बॅड म्हणते. आनंदाची यांची झेप तेवढीच.

लोभ इथल्या चहासारखा कोमट होऊ देऊ नका.
आपली,
सावनी


हर्नडन, व्हर्जिनिया
२४ फेब्रुवारी २००१

चि. सावनीस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र वाचून काकू पोट धरून हसली. मी शुद्धलेखन पाहत होतो, म्हणून हसलो नाही. ‘आपल्यावर’ राज्य केलं म्हणतेस. इकडे पार्सिपनीच्या हॉस्पिटलात जन्मलेल्या मुलीवर राणीने नक्की कधी राज्य केलं, ते कळव. दोन नळ पाहून एवढी नाकं मुरडतेस, तर आमच्या शिरोळच्या घरी एकही नव्हता.

आता गंभीर. तिकडच्या डुकरांत जो रोग निघाला म्हणून टीव्हीवर सांगतायत, तो आपला लाळ्या-खुरकूत. मी लहान असताना आमच्या म्हशींना झाला होता. तोंडातून लाळ गळते, खुरांत जखमा होतात. वडील तुरटीच्या पाण्याने तोंडं धुवायचे, पेज पाजायचे. दूध आटलं, पण म्हशी उठल्या. तुझे साहेब लोक मात्र गोळ्या घालतायत, कारण रोग असलेल्या देशाचं मांस बाहेर विकलं जात नाही. दूध आटलेली गाय त्यांच्या लेखी मेलेलीच.

रोग जवळ आला तर शहाणपणा न करता परत ये.

तुझ्या टोमण्यांची सवय झालेला,
मोरेश्वरकाका


अपर कोम
३ एप्रिल २००१

तीर्थस्वरूप काका,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही ओरडलात आणि मी फोन ठेवला. ते वाईट झालं. कारण इथे लिहिते.

शेजारच्या शेतावर रोग निघाला, तशी आमच्या प्रोफेसरसाहेबांनी व्हॅन आणली. रूरल लाइफचा अभ्यास करायला आलेले माझे सगळे मित्र रूरल लाइफ सुरू होताच लंडनला पळाले. जाताना गेटबाहेरून माझा फोटो काढला त्यांनी, झूमधला प्राणी असावा तसा. मी गेले नाही. मार्जरीबाईंचा खुबा दुखतो, आणि मदतीला येणाऱ्या माणसाची स्वतःची गुरं आहेत, त्यांना रोग लागू नये म्हणून त्याला येता येईना. मग दूध कोण काढणार? मशीन लावायला मी शिकले होते.

तुमच्या तुरटीचं मी बाईंना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, की म्हशी पुढे किती जगल्या.

पण आमची एकही गाय आजारी नव्हती, काका. पांढरे कपडे घातलेला अधिकारी आला. मी विचारलं, की यातली आजारी कुठली? तो म्हणाला, की कुठलीच नाही, पण तुमचं कुंपण शेजारच्या कुंपणाला लागून आहे. कुंपणासाठी मारल्या.

गायी त्या कपड्यांना बुजून आवारात येईनात. मार्जरीबाईंना कुरणापर्यंत चालवेना. त्या म्हणाल्या, की सॅव्ही, तू हाक मार, तुझी हाक ओळखतात. मी मारली. एकेकीचं नाव घेऊन. सगळ्या आल्या.

टीव्हीवर कुणी एक साहेब सांगत होता, की परिस्थिती आटोक्यात आहे. बरोबर आहे. इथे आता काहीच हलत नाही.

रागवा, पण लिहा.
सावनी


हर्नडन
१३ एप्रिल २००१

चि. सावनी,
अ. उ. आशीर्वाद.

तुझ्या बाबांना मी शब्द दिला होता, की पोरीला वेळेवर परत आणीन. तू मला तोंडघशी पाडलंस. त्याची बोलणी आल्यावर खाशील.

तू हाक मारलीस म्हणून त्या निदान ओळखीच्या आवाजाकडे चालत गेल्या. हे पाठ करून ठेव. पुढे उपयोगी पडेल.

आता ऐक. आमच्या घरी गोठ्यातलं जनावर गेलं, की त्या दिवशी चूल पेटत नसे. शेजारचे भाकरी-कालवण घेऊन येत, आणि घरच्या बाईला ताटसुद्धा उचलू देत नसत. तिकडे रस्ते बंद, कुणी यायचं नाही. तेव्हा शेजारी तूच. उशीर झाला असला तरी चालेल. जमेल ते रांध, फक्त बाईंना उठू देऊ नकोस. साहेबाने आपल्याकडे येऊन पुष्कळ काय काय नेलं; हे न्यायचं राहून गेलं त्याचं.

मार्जरीबाईंना माझा नमस्कार सांग.
मोरेश्वरकाका


अपर कोम
२२ एप्रिल २००१

तीर्थस्वरूप काका,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी केलं. बूट जंतुनाशकात बुडवून गावात गेले. तिथल्या दुकानात हळद विचारली तर बाईने मला मोहरीची पेस्ट दाखवली. तेव्हा हळदीशिवायच मसुराची आमटी आणि भात. आमटी करपली.

मार्जरीबाई दुपारचं दूध काढायच्या वेळेला अजून गोठ्यात जातात, मशीन सुरू करतात, बंद करतात, परत येतात. त्या आल्यावर मी टेबलाशी बसवलं. दोनदा ताट घेऊन उठायला गेल्या, दोनदा खाली बसवलं. का, ते सांगितलं. त्या म्हणाल्या, की नवरा गेला तेव्हा गावाने असं केलं होतं, पण गायींसाठी कुणी करतं हे माहीत नव्हतं. मग रडल्या. आणि लगेच, इंग्लिशच त्या, हवामानाबद्दल बोलायला लागल्या.

सगळं जेवल्या. मग हात पुसत त्यांनी विचारलं, की दुसऱ्या दिवशी काय करतात?

मला माहीत नाही, काका. त्या रोज विचारतायत. लवकर कळवा.

तुमची,
सावनी